नागपूरच्या रस्त्यांवर जुन्या आलिशान सेडानचा आराम कसा पारखावा

दहा, पंधरा किंवा वीस वर्षे वापरलेल्या आलिशान सेडानमध्ये तीन गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात. अभियंत्यांनी घडवलेला गाडीचा मूळ स्वभाव, त्या स्वभावावर वयाने केलेला परिणाम आणि आधीच्या मालकाने बसवलेले टायर, रिम व सुटे भाग. परीक्षण लिहिणाऱ्याचे खरे काम या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून वाचकासमोर ठेवण्याचे आहे. ‘गाडी कडक वाटते’ एवढे लिहून वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. तो कडकपणा स्प्रिंगचा आहे, वाळून घट्ट झालेल्या बुशचा (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्याचा) आहे की सात वर्षे जुन्या टायरचा आहे, हे कळले तरच गाडी घ्यावी की सोडावी, आणि घेतल्यास तिच्यावर किती खर्च करावा, याचा निर्णय त्याला करता येतो.

तुलना कोणाशी करायची, हेही आधीच ठरवावे. मोठा स्क्रीन, हवा खेळणारी सीट किंवा छतभर काच जुन्या गाडीत नसणार, हे वाचकाला माहीत असते. नवी असताना या गाडीने जो आराम दिला, त्यातला आज किती शिल्लक आहे आणि जो गेला तो परत आणता येतो का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. म्हणून अशा गाडीचे माप तिच्याच सुस्थितीतल्या बहिणीशी लावावे. त्याच मॉडेलची चांगली राखलेली दुसरी गाडी शक्य झाल्यास एकदा तरी चालवून पाहावी. नागपुरात अशा गाड्या जपणारी मंडळी एकमेकांना बहुधा ओळखून असतात, आणि आदराने विचारल्यास अर्ध्या तासासाठी शेजारी बसवून घ्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मूळ स्वभावाची ओळख

मर्सिडीज-बेन्झची डब्ल्यू १२४ मालिका १९८४च्या अखेरीस आली आणि १९९५पासून भारतात पुण्याला तयार होऊ लागली. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्या धरून ठेवतात, त्यामुळे चाक खड्ड्यात वरखाली झाले तरी त्याची दिशा फारशी बदलत नाही आणि मागची बाजू रस्ता सोडत नाही. स्टीअरिंग मात्र रीसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचे, म्हणजे पेटीतल्या फिरत्या गोळ्यांमार्फत चाके वळवणारे आहे. मधल्या स्थितीत ते किंचित सैल आणि संथ वाटते, आणि रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि चक्र) स्टीअरिंगची सवय असलेल्या चालकाला हा बिघाड वाटू शकतो. थोडासा संथपणा हा त्या गाडीचा स्वभावच आहे. स्टीअरिंग दोन-तीन बोटे फिरवूनही गाडीचे नाक हलत नसेल, तर मात्र स्टीअरिंग बॉक्स किंवा टाय रॉडचे (चाक वळवणाऱ्या दांडीचे) सांधे झिजले आहेत असे समजावे. हा फरक न ओळखता लिहिलेले परीक्षण चांगल्या गाडीची बदनामी करते किंवा खराब गाडीला सांभाळून घेते.

बीएमडब्ल्यूची २००३ ते २०१० या काळातली ई ६० फाइव्ह सीरिज २००७पासून चेन्नईत जोडली जाऊ लागली. तिच्यासोबत रन-फ्लॅट टायर येत. पंक्चर झाल्यावरही गाडीचा भार पेलता यावा म्हणून या टायरची बाजू जाड आणि ताठ असते, आणि लहान खड्ड्यांवर जाणवणारा टणकपणा बराचसा तिथून येतो. मालकाने त्यांच्या जागी साधे टायर बसवले असतील तर गाडी आपोआप मवाळ वाटेल, पण अशा गाडीत स्टेपनी नसण्याची शक्यता मोठी असते. परीक्षणात टायरचा प्रकार लिहिला नाही, तर बाकीचे सगळे वर्णन अधांतरी राहते.

१९९८ साली आलेल्या डब्ल्यू २२० एस-क्लासमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे सस्पेन्शन आहे. रबरी फुग्यांतली हवा गाडीला तोलून धरते आणि कॉम्प्रेसर ती हवा भरतो. वयाबरोबर रबराला बारीक चिरा पडतात. अशी गाडी पारखायची असल्यास रात्री सपाट जागेवर उभी करून चारही कोपऱ्यांत रिमच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजावे. एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे. इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरत राहिला, तरी तीच शंका घ्यावी. हे मोजमाप केल्याशिवाय या गाडीच्या आरामाबद्दल एक ओळही लिहू नये असे मला वाटते, कारण आज तरंगल्यासारखी चालणारी गाडी महिन्याभरात एका बाजूला कलून उभी दिसू शकते.

जपानी गाड्यांत होंडा अकॉर्डला आठव्या पिढीपर्यंत पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आडव्या बाहूंनी धरणारे सस्पेन्शन होते, त्यामुळे वळणावर तिचे पुढचे टायर रस्त्याला चांगले धरून राहतात. २००९मध्ये भारतात आलेली दुसऱ्या पिढीची स्कोडा सुपर्ब मागे पाय पसरून बसणाऱ्यासाठी घेतली जाणारी गाडी आहे, तिची निम्मी चाचणी मागच्या सीटवरूनच व्हायला हवी.

निघण्यापूर्वी

टायरपासून सुरुवात करावी. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. तिथे २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर ताठ होऊ लागते, आणि उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत त्याच्याही आधी. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच सुमाराचे आहेत का, रिमचा आकार कंपनीने दिलेलाच आहे का, हे लिहून घ्यावे. हौसेने एक-दोन इंच मोठी रिम बसवली की टायरची बाजू पातळ होते आणि मूळ सस्पेन्शन कितीही उत्तम असले तरी प्रत्येक खड्डा थेट कमरेत लागतो.

हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाआतल्या पट्टीवर दिलेला असतो. बहुतेक वेळा तिथे कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा आकडा असतो. हे आकडे थंड टायरचे असतात. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने (पंपावर हवा मोजायच्या एककाने) वाढतो, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी पंपावर भरलेली हवा आणि पहाटे भरलेली हवा यांत जाणवण्याइतका फरक पडतो. चाचणीच्या दिवशी हवा सकाळीच, गाडी फारशी न चालवता भरावी.

त्यानंतर डिकी पूर्ण रिकामी करावी आणि स्टेपनीखालचा जॅक, पाना व टूलकिट हाताने हलवून पाहावे. मी पाहिलेल्या एका जुन्या जर्मन सेडानचा मालक मागची खडखड ऐकून दोन्ही शॉकअप बदलण्याच्या तयारीत होता. स्टेपनी उचलल्यावर जॅकचा रबरी पट्टा तुटलेला दिसला. जॅकभोवती जुना टॉवेल गुंडाळून तो खाचेत घट्ट बसवला, आणि त्याच खडबडीत गल्लीतून गाडी नेली तेव्हा खडखड पूर्ण थांबली. दारातल्या बाटल्या, डॅशबोर्डवरची मूर्ती, आरशाला लटकवलेली माळ हे सगळे चाचणीपुरते बाजूला ठेवावे, म्हणजे उरलेला आवाज गाडीचाच असेल.

कोणत्या रस्त्यावर काय पाहावे

आरामाची चाचणी घेण्यासाठी नागपूर चांगले शहर आहे, कारण इथे सिमेंटचे रस्ते, डांबराचे रस्ते, उड्डाणपूल आणि काळ्या मातीवरून जाणारे गावरस्ते तासाभराच्या टप्प्यात सापडतात. यातला सिमेंटचा रस्ता सर्वांत जास्त शिकवतो.

आलिशान सेडानची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते सव्वा वेळा वरखाली होईल अशा बेताने स्प्रिंग निवडलेले असतात. हा संथ झोका शरीराला सोसतो. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेतली सेकंदाला चार ते आठ या वेगाची थरथर सर्वांत जास्त त्रास देते, आणि अंगाला जाणवणाऱ्या कंपनांच्या आयएसओ २६३१ या मानकातही याच टप्प्याला मोठे वजन दिलेले आहे. आता सिमेंटचा रस्ता पाहावा. त्यात साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात. हिशेब केला तर ताशी ६५ किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला चार सांधे ओलांडते, आणि १३० ला आठ. म्हणजे समृद्धी महामार्गावर आपण ज्या वेगाने जातो, तो जवळजवळ सगळा टप्पा शरीराला नकोशा वाटणाऱ्या थरथरीचा आहे. ही थरथर बुश, टायर आणि शॉकअप यांनी मिळून गिळायची असते. ती गिळली जाते आहे की नाही, यावर गाडीचा लांबच्या प्रवासातला आराम ठरतो.

म्हणून समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला असलेल्या शिवमडक्याहून समृद्धीवर चढल्यावर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावून ८०, १०० आणि शेवटी कायद्याच्या मर्यादेतल्या १२० या वेगांवर प्रत्येकी काही किलोमीटर जावे. टिपणे शेजारी बसलेल्याने घ्यावीत, चालकाने फक्त बोलावे. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत सांध्याचा हलका ‘टप्’ आवाज कानाला येतो, पण मांडीला आणि मानेला काही कळत नाही. आतल्या आरशात मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचून पाहावी. अक्षरे स्थिर दिसली तर उत्तम, आणि ठरावीक वेगावर ती पुसट होऊन दुसऱ्या वेगावर पुन्हा स्पष्ट झाली, तर कोणत्या वेगाला ते घडले याची नोंद करावी. वेग वाढवला तरी ८० ते १०० च्या मधलीच थरथर त्रास देत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि वाकडी रिम तपासावी. सस्पेन्शनला दोष नंतर द्यावा.

शहरात वर्धा रोडवर मेट्रोच्या खालून जाणारा तीन किलोमीटरहून लांब दुमजली पूल आहे. त्याचे लोखंडी सांधे सिमेंट रस्त्याच्या सांध्यांपेक्षा ठळक असतात. तिथे ताशी ५० च्या आसपास, पुढच्या आणि मागच्या चाकांचा आवाज वेगवेगळा ऐकावा. पुढून ‘धप्’ आणि मागून ‘खट्ट’ येत असेल, तर मागचे बुश किंवा शॉकअपच्या वरचे माउंटिंग (त्याला बॉडीशी जोडणारा रबरी भाग) संशयास्पद आहे.

काळ्या मातीवर बांधलेल्या डांबरी रस्त्याला पावसाळ्यानंतर लांब लाटा येतात, आणि त्या लाटांवर शॉकअपची खरी परीक्षा होते. लाट ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन लगेच स्थिर व्हायला हवी. ती दोनदा-तीनदा झुलली, तर शॉकअप संपले आहेत, आणि मागच्या सीटवरच्या माणसाला तासाभरात मळमळू लागेल. पुढचे टोक वर आणि मागचे खाली असे डोलणे विशेष लक्ष देऊन पाहावे. पुढचे स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडे संथ ठेवले, तर उशिरा धक्का खाणारी मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही टोके एकत्र, आडव्या पाळण्यासारखी स्थिरावतात, हे मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात कॅडिलॅकमध्ये काम करताना दाखवून दिले होते. आजही चांगल्या सेडानमध्ये हाच विचार असतो. मालकाने पुढे एका आणि मागे दुसऱ्याच कंपनीचे शॉकअप बसवले असतील, किंवा मागे जास्त ताठ स्प्रिंग घातले असतील, तर हा मेळ बिघडतो. तपासताना मागची सीट रिकामी ठेवू नये. निदान दोन माणसे मागे बसवूनच ही फेरी करावी, कारण अशा गाड्यांची घडण भरलेल्या मागच्या सीटचा विचार करूनच झालेली असते.

गतिरोधकावर ताशी १५-२० किलोमीटरने सरळ जावे, मग त्याच गतिरोधकावर एक बाजू आधी येईल असे किंचित तिरके जावे. तिरके जाताना ‘टक्-टक्’ ऐकू आले तर स्टेबिलायझरची (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड किंवा तिचे रबर गेलेले असते. हा दुरुस्तीचा स्वस्त भाग आहे, पण आवाज इतका त्रासदायक असतो की अनेक जण त्यावरून संपूर्ण सस्पेन्शन बाद ठरवतात. सिमेंट रस्ता आणि बाजूची गट्टूची पट्टी यांच्या पातळीत जिथे फरक असतो, तिथे एका बाजूची चाके खाली उतरवून हळूच वर घ्यावीत. स्टीअरिंगला जोराचा झटका बसला, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या बाहूचे) बुश पाहून घ्यावेत.

चालवण्याचा अनुभव

आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे सरळ चालणारी गाडीही डावीकडे किंचित ओढते. उजवीकडे ओढणारी किंवा डावीकडे झपाट्याने जाणारी गाडी अलाइनमेंट (चाकांचे कोन), टायर किंवा अडकलेला ब्रेक यांपैकी एखादी तक्रार सांगत असते. अडकलेला ब्रेक ओळखायला वीस मिनिटांच्या फेरीनंतर चारही रिमजवळ, स्पर्श न करता, तळहात नेऊन पाहावा. एकच चाक जास्त तापले असेल, तर ते लगेच लक्षात येते.

स्टीअरिंगच्या वजनाबद्दल लिहिताना वेग सांगितलाच पाहिजे. धरमपेठेतल्या पार्किंगमध्ये जड वाटणारे जुने हायड्रॉलिक स्टीअरिंग महामार्गावर हाताला विश्वास देते. गाडी वळवल्यावर किती लवकर नाक वळते, वळण चालू असताना हाताला रस्त्याची खरखर कळते का, आणि स्टीअरिंग सोडल्यावर ते सहज मधोमध परत येते का, ही तीन निरीक्षणे वेगवेगळी लिहावीत. तिसरे निरीक्षण बहुतेक जण विसरतात. परतणे अडखळत असेल, तर स्टीअरिंगचा सांधा किंवा पुढच्या स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडखांबाचे) वरचे बेअरिंग कोरडे पडलेले असते.

नागपूर सपाट आहे, त्यामुळे वळणे आणि उतार शोधावे लागतात. सेमिनरी हिल्सचे रस्ते लहान फेरीसाठी पुरेसे आहेत. मोठी फेरी करायची असेल तर कामठी, कन्हान, मनसर या वाटेने रामटेकला जावे आणि गडावरचा चढ निवडावा. चढताना गाडी गिअर शोधत घुटमळते का, की एक गिअर धरून शांतपणे वर जाते, हे पाहावे. जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा मोठेपणा अशा ठिकाणी कळतो. चांगला गिअरबॉक्स चालकाच्या पायाचा इशारा ओळखतो आणि बदल इंजिनाच्या आवाजातून कळतो, पाठीला कळत नाही. उतरताना ब्रेकच्या पेडलकडे लक्ष ठेवावे. पेडल थरथरले तर डिस्क वाकडी झाली आहे, आणि ते दर वळणाला थोडे अधिक खोल जाऊ लागले तर तिथेच सावलीत थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत व तशी नोंद करावी. गडावर गर्दी असेल त्या दिवशी, किंवा यात्रेच्या काळात, हे करू नये.

गिअरबॉक्सची दुसरी बाजू गर्दीत दिसते. सायंकाळी सीताबर्डीहून महालमार्गे इतवारीकडे जाताना गाडी पावलापावलाने पुढे सरकते. थांबता थांबता दुसऱ्यातून पहिल्या गिअरमध्ये येताना मागून ढकलल्यासारखा धक्का बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी लगेच पकड घेते की क्षणभर विचार करते, हे तिथे कळते. सुपर्बच्या १.८ टीएसआय पेट्रोल इंजिनासोबत येणाऱ्या कोरड्या क्लचच्या सात-गिअर डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) ही परीक्षा उन्हाळ्यात आणि इंजिन पूर्ण तापल्यावरच घ्यावी. सकाळच्या थंड हवेत तिच्याबद्दल निष्कर्ष काढू नये.

इंजिनाच्या थरथरीसाठी अर्धी भरलेली पाण्याची बाटली हे पुरेसे साधन आहे. गाडी तापल्यावर ती सपाट जागी उभी करून बाटली डॅशबोर्डवर ठेवावी, एसी सुरू करावा, पाय ब्रेकवर ठेवून ऑटोमॅटिकचा गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये घ्यावा आणि पाण्याचा पृष्ठभाग पाहावा. मग एन (न्यूट्रल) मध्ये घेऊन पुन्हा पाहावा. डी मध्ये बारीक वर्तुळे उठत असतील आणि एन मध्ये पाणी जवळजवळ शांत होत असेल, तर इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे माउंटिंग, बहुधा बसली आहे. अनेक आलिशान गाड्यांत या माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो, तो गळाला की नव्या गाडीसारखे शांत इंजिनही खुर्चीला गुणगुण करू लागते. दोन्ही स्थितींत पाणी सारखेच हलत असेल, तर इंजिनाच्या इग्निशनकडे किंवा इंधनाकडे पाहावे.

आवाजासाठी मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप चालते, पण त्याचा आकडा फक्त त्याच मोबाइलने, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने घेतलेल्या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहावा. सिमेंटवर घुमणारा आवाज डांबरावर गेल्यावर एकदम कमी झाला तर तो टायरचा. रस्ता बदलूनही तो तसाच राहिला आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी हळूच डावी-उजवीकडे झुकवल्यावर कमी-जास्त झाला, तर चाकाचे बेअरिंग गेलेले असते. ९०-१०० च्या पुढे काचेजवळून येणारी शिट्टी दाराच्या वाळलेल्या रबराची असते, आणि विदर्भातल्या उन्हात हे रबर फार लवकर वाळते.

ऊन, एसी आणि सीट

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि नवतपात गाडीच्या आत बसवत नाही. इथल्या वाचकासाठी लिहिलेल्या परीक्षणात एसीला इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त जागा मिळायला हवी. गाडी दुपारी दोनच्या सुमारास तासभर उन्हात उभी करावी, मग काचा क्षणभर उघडून गरम हवा जाऊ द्यावी, एसी पूर्ण वेगावर लावावा आणि पुढच्या व मागच्या झरोक्यात साधा तापमापक धरून दर पाच मिनिटांनी आकडा लिहावा. पहिली दहा मिनिटे गाडी उभीच ठेवावी, नंतर चालवावी. उभी असताना हवा कोमट आणि चालू लागताच थंड होत असेल, तर रेडिएटरपुढचा पंखा किंवा कचरा अडकलेला कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) दोषी आहे. दोन्ही वेळा हवा कोमटच राहिली, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे पाहावे लागेल. मागच्या प्रवाशाच्या चेहऱ्यापर्यंत थंडावा किती वेळात पोहोचला, ही नोंद मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण अशा गाडीत घरातली वयस्कर माणसे बहुधा मागेच बसतात.

त्यांना चाचणीला सोबत न्यावे. आई-वडील किंवा आजी-आजोबा दारातून आत बसताना डोके वाकवावे लागते का, उतरताना हात कुठे टेकतात, गुडघा सीटपेक्षा किती वर राहतो, हे त्यांना विचारण्यापेक्षा पाहून लिहावे. विचारल्यावर ते मुलांचे मन मोडू नये म्हणून ‘बरंच आहे’ असे म्हणतात. जुन्या जर्मन गाड्यांच्या सीट पहिल्या दहा मिनिटांत टणक वाटतात आणि दोन तासांनी त्यांचे गुण कळतात. उलट पहिल्या क्षणी गुबगुबीत वाटणारी सीट बसून गेली असेल, तर तासाभरात कमर भरून येते. म्हणून सीटबद्दलचे मत नागपूर ते अमरावती अशा सुमारे दीडशे किलोमीटरच्या सलग प्रवासानंतरच लिहावे, आणि परतताना पुढच्यांनी मागे व मागच्यांनी पुढे बसावे. चालकाच्या सीटची बाहेरची कड दाबून पाहावी. वर्षानुवर्षे चढ-उतार करताना फोम सर्वांत आधी तिथे मोडतो, आणि चालक नकळत तिरका बसू लागतो.

संगीत, स्क्रीन, ब्लूटूथ यांबद्दल दोन ओळी पुरेत.

लिहिताना

परीक्षणाच्या सुरुवातीलाच गाडीचे निर्मितीवर्ष, किलोमीटर, टायरची कंपनी, आकार आणि तारीख, हवेचा दाब, गाडीतल्या माणसांची संख्या व त्या दिवशीचे तापमान द्यावे. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी जुळतो का, हेही सांगावे. ‘लोण्यासारखी चालते’ असे शब्द टाळून कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेगाला, शरीराच्या कोणत्या भागाला काय जाणवले ते लिहावे. नंतर प्रत्येक निरीक्षणापुढे ते गाडीच्या घडणीचे आहे, वयाचे आहे की मालकाच्या बदलाचे, हे स्पष्ट करावे. ठरवता येत नसेल तर जाणकार मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून बुश आणि सांधे टॉर्चच्या उजेडात पाहावेत, लोखंडी पट्टीने हलवून पाहावेत, आणि काय दिसले ते लिहावे.

दुरुस्ती सुचवताना क्रम द्यावा. आधी टायर आणि हवा, मग बॅलन्सिंग व अलाइनमेंट, त्यानंतर लिंक रॉड आणि बुश, मग इंजिनाची माउंटिंग, आणि शॉकअप किंवा हवेचे फुगे शेवटी, कारण खर्च त्यांचाच सर्वांत मोठा असतो आणि आधीच्या कामांनंतर अनेकदा त्यांची गरज वाटली तेवढी उरत नाही. नवे बुश बसवल्यास ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना घट्ट करायला सांगावे. लिफ्टवर लटकत्या चाकांनिशी आवळलेला बुश पहिल्या दिवसापासून पिळलेला राहतो, गाडी विनाकारण ताठ होते आणि नवे रबर लवकर फाटते. काम झाल्यावर हजारेक किलोमीटर जाऊ द्यावेत, अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी, आणि सकाळी तेवढीच हवा भरून, तीच माणसे बसवून, समृद्धीच्या त्याच टप्प्यावर ८०, १०० आणि १२० या वेगांची टिपणे पुन्हा घ्यावीत. आधीची आणि नंतरची टिपणे परीक्षणात शेजारी शेजारी छापावीत.